सेंट्रिंग केव्हा खोलावे?

स्लॅब भरल्यावर खालच्या प्लेटा आणि टेकू, म्हणजेच सेंट्रिंग, केव्हा काढायचे, हा मुंबईतल्या प्रत्येक बांधकामावरचा रोजचा प्रश्न आहे, कारण साचे जितक्या लवकर मोकळे होतील तितक्या लवकर पुढचा मजला चढतो. आयएस 456 या भारतीय मानकात त्यासाठी मुदती दिल्या आहेत: कॉलम व भिंतींच्या प्लेटांना 16 ते 24 तास, टेकू लगेच पुन्हा लावणार असल्यास स्लॅबच्या तळाच्या प्लेटांना 3 दिवस, आणि 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालील टेकूंना 7 दिवस. मात्र या मुदती साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि 15 अंश सेल्सिअसच्या खाली न जाणाऱ्या हवेसाठी आहेत. मुंबईत हवेची काळजी फारशी नाही; सिमेंटची आहे. इथल्या तयार काँक्रीटमध्ये फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) सर्रास असते, आणि असे काँक्रीट पुढे खाऱ्या हवेत चांगले टिकत असले तरी पहिल्या काही दिवसांत त्याची ताकद सावकाश वाढते.

म्हणूनच त्याच मानकातली दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते: साचा काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार असेल, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असली पाहिजे. 27 एप्रिल 1978 रोजी अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे शीतकरण मनोऱ्याचे काम चालू असताना आदल्या दिवशीच्या काँक्रीटला मचाणाचा भार पेलला नाही आणि 51 कामगार मृत्युमुखी पडले.

ताकद मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे 150 मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा क्यूब (घन ठोकळा). यंत्रात तो सुमारे 34 टन भाराखाली फुटला, तर त्याची ताकद प्रति चौरस मिलिमीटर 15 न्यूटन भरते. पण 28 दिवसांच्या चाचणीचे क्यूब 27 अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून मालाचा दर्जा कळतो, स्लॅबची आजची अवस्था कळत नाही. सेंट्रिंग खोलण्यासाठीचे क्यूब वेगळे भरून त्याच स्लॅबवर, त्याच ओल्या गोणपाटाखाली ठेवले पाहिजेत. काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचा आकडा झटपट मिळतो खरा, परंतु पृष्ठभागाच्या ओलाव्यानेही तो बदलतो; केवळ त्याच्या भरवशावर टेकू काढणे धोक्याचे आहे.

क्यूबच्या जोडीला परिपक्वता पद्धत वापरता येते. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक प्रक्रिया उष्णतेत वेगाने होत असल्याने, स्लॅबमध्ये तापमापक तार बसवून तापमान व काळ यांचा एकत्र हिशेब ठेवतात. उणे 10 अंश हा पाया धरला, म्हणजे त्याच्या वरचे अंश तासांनी गुणले, तर 30 अंशांवरच्या 24 तासांचे 960 अंश-तास होतात, 20 अंशांवर मात्र 720 च. किती अंश-तासांना किती ताकद येते, हे त्याच मिश्रणाचे क्यूब फोडून आधी आलेखावर मांडलेले असते. सिमेंट बदलले किंवा स्लॅगचे प्रमाण वाढवले, तर जुना आलेख बाजूला ठेवून तो नव्याने काढावा लागतो.