बेस गिटारचा पिकअप बदलण्यापूर्वी

बेस गिटारचा आवाज मनासारखा नसला की बहुतेक वादकांचा पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागावर जातो. नवे पिकअप विकणाऱ्यांची भाषाही त्या संशयाला खतपाणी घालते: कोणता पिकअप ‘उबदार’, कोणता ‘आक्रमक’, तर कोणता ‘अस्सल जुन्या वळणाचा’. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र पिकअपचा परिणाम मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. तो तारेखाली नेमका कोठे बसवलेला आहे ही एक, आणि त्याचे वेटोळे, गिटारमधील नियंत्रणे व केबल मिळून जी विद्युत गाळणी तयार होते ती दुसरी. दुकानात यांपैकी फक्त दुसरीच विकत मिळते, आणि तीही अर्धीच.

पिकअपमधील चुंबक वर ताणलेली पोलादी तार चुंबकीत करतो. ती चुंबकीत तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. वेटोळ्यात केसाएवढ्या बारीक, बहुधा ४२ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वळसे असतात. नायलॉनच्या तारांवर हा पिकअप बहिरा ठरतो, कारण चुंबकीत होण्यासारखे तेथे काही नसते. पिकअप हवेतील ध्वनी ऐकत नाही, आपल्या डोक्यावरच्या तारेच्या लहानशा तुकड्याची हालचाल तेवढी तो टिपतो.

आता जागेचा विचार करू. छेडलेली तार एकाच वेळी मूळ वारंवारतेने आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांनी कंप पावत असते. या प्रत्येक हार्मोनिकचे तारेवर काही स्थिर बिंदू असतात, आणि पिकअप अशा बिंदूखाली आला तर तो हार्मोनिक त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. नेहमीच्या ३४ इंची बेसवर मोकळी तार सुमारे ८६४ मिलिमीटर लांब असते. पिकअप ब्रिजपासून (तारांचे खालचे टोक जेथे टेकते तेथून) १७३ मिलिमीटरवर, म्हणजे तारेच्या एक पंचमांशावर असेल, तर मोकळ्या तारेचा पाचवा हार्मोनिक गळतो. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पाचव्या धातुपट्टीवर, बोट ठेवले की तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६४७ मिलिमीटर उरते आणि तोच पिकअप आता तिच्या जवळपास एक चतुर्थांशावर येतो, त्यामुळे या वेळी चौथा हार्मोनिक क्षीण होतो. प्रत्येक स्वरागणिक गळणीची जागा सरकत राहते आणि या सरकण्यातूनच त्या बेसचा ओळखू येणारा स्वभाव घडतो. तीस हजार वळशांचा पिकअप बसवला तरी या हिशेबात फरक पडत नाही.

प्रसिद्ध बेसांचा इतिहास बऱ्याच अंशी या जागांचाच इतिहास आहे. फेंडरच्या प्रिसिजन बेसमध्ये १९५१ साली एकच साधे वेटोळे होते. १९५७ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकडा दोन तारांखाली, किंचित पुढे-मागे बसू लागला. १९६० च्या जॅझ बेसने ब्रिजजवळ दुसरा अरुंद पिकअप आणला. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये एकच रुंद, दोन वेटोळ्यांचा पिकअप आला. सत्तरच्या दशकातील जॅझ बेसवर ब्रिजकडचा पिकअप जेमतेम सेंटिमीटरभर मागे सरकवला गेला आणि तेवढ्यानेही आवाज अधिक कोरडा, अधिक धारदार झाल्याचे वादक आजही सांगतात. म्हणून प्रिसिजनच्या खाचेत बसणारा कोणताही पिकअप घेतला तरी त्यातून जॅझ बेसच्या ब्रिज पिकअपचा आवाज येणार नाही. तो हवा असेल तर लाकूड कोरावे लागते, नाहीतर दुसरा बेस घ्यावा लागतो.

जागा ठरलेली आहे असे मानले की उरते ती गाळणी. वेटोळ्याला इंडक्टन्स (विद्युतप्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) असतो, केबलला आणि खुद्द वेटोळ्याला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) असतो, आणि हे दोन्ही एकत्र आले की एका विशिष्ट वारंवारतेला अनुस्पंदन घडते. त्या वारंवारतेजवळ आवाजाला उठाव येतो, तिच्यावरचे सारे झपाट्याने मावळते. समजा, पिकअपचा इंडक्टन्स ४ हेन्री आहे, त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड आणि पाच मीटर केबलचा ५०० पिकोफॅरड आहे. तर हा उठाव ३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. त्याच ठिकाणी ६ हेन्रीचा पिकअप बसवला तर तो सुमारे २.४५ किलोहर्ट्झवर उतरतो आणि वादक म्हणतो, आवाज जाड झाला. पहिलाच पिकअप ठेवून केबल दहा मीटरची केली तर उठाव सुमारे २.३ किलोहर्ट्झवर येतो. थोडक्यात, ‘गडद’ पिकअप कसा वाजेल याचा बऱ्यापैकी अंदाज एका लांब केबलने, काहीही न उघडता घेता येतो, आणि उजळ पिकअपचा अंदाज आखूड केबलने. खरेदीपूर्वी एवढा प्रयोग फारच थोडे लोक करतात.

उठावाची वारंवारता इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स ठरवतात, त्याची उंची मात्र व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटवर, म्हणजे त्या खुंट्यांमागच्या बदलत्या रोधावर, बरीचशी अवलंबून असते. २५० किलोओहमचे पॉट हा उठाव बराच दाबतात, ५०० किलोओहमचे तो मोकळा सोडतात. ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) नसलेले अनेक बेस कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे ऐकवत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अशा कॅबिनेटवर वाजवणाऱ्याने अतिशय उजळ पिकअपसाठी पैसे मोजणे मला तरी अनाठायी वाटते.

दुर्दैवाने खोक्यावर ठळकपणे छापलेला आकडा इंडक्टन्सचा नसतो, तो असतो रोधाचा: जॅझ पिकअपवर ७ ते ८ किलोओहम, प्रिसिजनवर १० ते ११. हा आकडा मोजायला सोपा, म्हणून लोकप्रिय; त्यावरून पिकअपची ‘ताकद’ ठरवण्याची पद्धत मात्र फसवी आहे. तेवढेच वळसे अधिक बारीक ४३ गेजच्या तारेने घातले तर रोध बराच वाढतो, पण इंडक्टन्स जवळपास तोच राहतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना १० किलोओहम दाखवणारा पिकअप ३५ अंशांच्या खोलीत १०.६ किलोओहम दाखवील, आणि त्याचा आवाज त्या हिशेबाने ‘तगडा’ झालेला नसेल. एकाच घराण्यातील, एकाच तारेने गुंडाळलेल्या दोन पिकअपांची तुलना करायला रोध उपयोगी पडतो. त्यापलीकडे त्यावर विसंबू नये, आणि निर्माता इंडक्टन्स किंवा अनुस्पंदनाची वारंवारता देत असेल तर ती आधी पाहावी.

चुंबकांविषयी जेवढे बोलले जाते तेवढे त्यांचे श्रेय नाही. ॲल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांचा मिश्रधातू. सिरॅमिक म्हणजे फेराइट. सिरॅमिक पिकअपमध्ये बहुधा खाली सपाट चुंबक आणि वेटोळ्यात पोलादी दांडे असतात. हे पोलाद इंडक्टन्स वाढवते आणि भोवरी प्रवाहांमुळे, म्हणजे त्या पोलादातच फिरणाऱ्या विजेमुळे, उठाव थोडा बोथट करते. सिरॅमिकचा म्हणून जो स्वभाव सांगितला जातो, त्यातला बराचसा या रचनेचा असतो.

गुणगुण हा मात्र खरा प्रश्न आहे. विजेच्या तारांतून येणारी ही गुणगुण देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींतील असते. बेसच्या सर्वात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे गुणगुण नेमकी बेसच्याच घरात राहायला येते आणि टोन फिरवून ती काढू गेले तर स्वरही जातो. त्यावरचा उपाय वेटोळ्यातच करावा लागतो. उलट दिशेने गुंडाळलेली आणि उलट ध्रुव वर असलेली दोन वेटोळी जोडली की तारेचा संकेत बेरजेत येतो आणि बाहेरची गुणगुण वजाबाकीत जाते. १९५७ चा दुभंग पिकअप हे काम सर्वात सुबकपणे करतो, कारण त्यात प्रत्येक तार मुख्यतः एकाच वेटोळ्याला ऐकू येते. शेजारी-शेजारी वेटोळी असलेला हमबकर तीच तार दोन ठिकाणी ऐकतो आणि वरचे काही हार्मोनिक त्या गडबडीत गमावतो. जॅझच्या अरुंद कवचात एकावर एक रचलेली वेटोळीही मिळतात. त्यांतले खालचे वेटोळे मुख्यतः गुणगुण टिपून ती वजा करण्यापुरते असते. त्यामुळे गुणगुण जाते आणि साध्या वेटोळ्याचा मोकळेपणाही थोडा जातो. ज्याला स्टुडिओत किंवा दिव्यांच्या डिमरजवळ वाजवायचे आहे त्याने हा सौदा खुशाल करावा.

ॲक्टिव्ह या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि खरेदीत ते हमखास एकमेकांत मिसळतात. काही बेसमध्ये साधे पिकअप आणि त्यांच्यापुढे बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, म्हणजे संकेत वाढवणारे छोटे सर्किट, असतो. काहींमध्ये पिकअपच्या कवचातच प्रीॲम्प बसवलेला असतो, आणि त्याच्यासोबत बहुधा २५ किलोओहमचे पॉट येतात. या २५ किलोओहमच्या पॉटला साधा पिकअप थेट जोडला तर उठाव पार नाहीसा होतो आणि आवाज मलूल पडतो. दोष पिकअपचा नसतो, जोडणीचा असतो.

मापे घेतल्याशिवाय काहीही मागवू नये. जॅझ बेसच्या नेहमीच्या जोडीत ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा (गिटारच्या मानेकडच्यापेक्षा) किंचित लांब असतो, सुमारे ९५ मिलिमीटर विरुद्ध ९२. काही बेसवर मात्र दोन्ही सारखेच असतात. ‘सोपबार’ हे नाव तर इतक्या वेगवेगळ्या मापांच्या कवचांना दिले जाते की केवळ नावावर खरेदी करणे धोक्याचे आहे.

जोडीतला एकच पिकअप बदलायचा असेल तर त्याचे ध्रुव तपासावे लागतात. दोन्ही पिकअपच्या वरच्या बाजूजवळ होकायंत्र आळीपाळीने न्यावे, पण फार जवळ नको, कारण तीव्र चुंबकाने सुईचेच ध्रुव उलटू शकतात. दोघांकडे सुईची एकच टोके वळत असतील तर ध्रुव सारखे आहेत, आणि अशी जोडी एकत्र वाजवली की गुणगुण रद्द होणार नाही. संकेताची दिशा पाहण्यासाठी पिकअपची टोके काट्याच्या मीटरला जोडावीत, दांड्यांवर पोलादी स्क्रू ड्रायव्हर टेकवावा आणि झटकन उचलावा. काटा क्षणभर एका बाजूला उडतो. दोन्ही पिकअपांसाठी तो एकाच बाजूला उडायला हवा. विरुद्ध बाजूंना उडत असेल तर एकत्र वाजवताना खालचे स्वर गळून आवाज पातळ होईल, आणि तेव्हा एका पिकअपच्या दोन तारा अदलाबदल कराव्या लागतील. धातूचे कवच किंवा तळपट्टी या दोन तारांपैकी एकीला जोडलेली असेल, तर ती जोडणी आधी सोडवून वेगळी ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामायिक बिंदूला, जोडावी, नाहीतर गुणगुण वाढते.

नवा पिकअप बसल्यावर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि दांडे यांतले अंतर सुमारे तीन मिलिमीटर ठेवावे आणि तेथून पिकअपचे स्क्रू फिरवून ऐकत ऐकत वर-खाली करावे. अंतर थोडे कमी केले तरी आवाज लक्षणीय वाढतो, पण ॲल्निकोचे दांडे फार जवळ आले की चुंबक तारेला ओढू लागतो, स्वर लवकर विझतो आणि जाड तारेचे हार्मोनिक बेसूर होतात. हेच स्क्रू जुन्या पिकअपलाही असतात. खरेदीआधी ते फिरवून पाहावेत आणि तारा नव्या घालाव्यात, कारण जुन्या, मळलेल्या तारांनी वरचे हार्मोनिक आधीच गिळलेले असतील तर ते कोणत्याही पिकअपला परत आणता येत नाहीत.