तक्ता तोच, सल्ला उलटा: इंग्लंडमधल्या 'थकव्याच्या दवाखान्यां'ची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे थोड्या श्रमानेही प्रकृती कोसळणारा दीर्घकाळचा आजार, याच्या दवाखान्यात नाव लागलं की सुरुवातीच्या एखाद्या भेटीत हातात बहुधा एक तक्ता पडतो. आठवड्याचे सात रकाने आणि दिवसभराच्या तासातासाच्या चौकटी. फार दमवणाऱ्या कामाला लाल रंग, मध्यम कामाला पिवळा, हलक्याला हिरवा, झोप आणि विश्रांतीला निळा. निरोगी माणसाला चमत्कारिक वाटेल, पण इथे अंघोळ लाल असू शकते आणि बहिणीशी वीस मिनिटं फोनवर बोलणं पिवळं. एक-दोन आठवडे रंगवून तक्ता परत आणायचा.

असे तक्ते पंधरा-वीस वर्षांपूर्वीही दिले जात आणि आजही दिले जातात. पूर्वी त्यावरून रोज नेमाने झेपेल अशी एक किमान पातळी काढायची आणि तिथून ठरलेल्या टप्प्यांनी वाढ करायची, असं सांगत. आता त्यावरून शक्तीची मर्यादा ओळखायची आणि तिच्या आत राहायचं, असं सांगतात. या दवाखान्यांबद्दल एक रुग्ण 'तिथे मला पहिल्यांदा कोणीतरी समजून घेतलं' म्हणतो आणि दुसरा 'तिथून मी चाकाच्या खुर्चीवर आलो' म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात. दोघं कोणत्या साली आणि कोणत्या टीमकडे गेले, हे आधी विचारावं लागतं.

गोष्ट 1955 च्या उन्हाळ्यात सुरू होते. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जुलैपासून डॉक्टर, नर्सा, विद्यार्थी एकामागून एक आजारी पडू लागले. डोकेदुखी, घसादुखी, स्नायूंत वेदना, अशक्तपणा, आणि थोडं श्रम केलं की सगळं पुन्हा उफाळून येणं. 25 जुलैला हॉस्पिटल बंद करावं लागलं, ते ऑक्टोबरमध्ये उघडलं. जवळपास 300 जणांना बाधा झाली आणि त्यातले बहुतेक सगळे कर्मचारी होते. आधीपासून दाखल असलेले रुग्ण जेमतेम डझनभर. तिथले संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ मेल्विन रॅमसे यांनी पुढे आयुष्यभर या आजाराचा पाठपुरावा केला. 1956 मध्ये 'द लॅन्सेट'च्या संपादकीयात 'बिनाइन मायल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' हे नाव आलं. 'बिनाइन' एवढ्यासाठी की कोणी दगावलं नव्हतं. तो शब्द पुढे गळाला आणि एमई उरलं.

मग 1970 मध्ये मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की रॉयल फ्रीचा प्रकार म्हणजे सामूहिक हिस्टेरिया. एकाही रुग्णाला न तपासता, जुन्या केसपेपरांवरून काढलेला हा निष्कर्ष. आजारी पडलेल्यांत बायका जास्त, हा त्यांचा एक पुरावा होता. नर्सिंगच्या वसतिगृहात साथ आली तर आजारी कोण पडणार, हा साधा प्रश्न तेव्हा कोणी नेटाने विचारला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच सुमारास हा आजार मज्जासंस्थेच्या रोगांत वर्गीकृत केला होता. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या मनात मात्र हिस्टेरियाच जास्त काळ टिकला.

अमेरिकेत 1984–85 मध्ये नेवाडातल्या टाहो सरोवराकाठी, इनक्लाइन व्हिलेज या गावी डॅनियल पीटरसन आणि पॉल चेनी या दोन डॉक्टरांकडे असेच रुग्ण येऊ लागले. तिथून सीडीसी या सरकारी संस्थेची चौकशी झाली आणि 1988 मध्ये 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' ही व्याख्या जन्मली. या नावाने रुग्णांचं जेवढं नुकसान केलं तेवढं क्वचित एखाद्या औषधाने केलं असेल. मराठीतही हीच अडचण होते: 'थकवा' म्हटलं की ऐकणारा लगेच 'मलाही येतो' म्हणतो. 1994 च्या सुधारित व्याख्येत श्रमानंतर बिघडणारी प्रकृती हे आठ लक्षणांपैकी फक्त एक होतं आणि आठांतली कोणतीही चार पुरेशी होती. ब्रिटनची 1991 ची ऑक्सफर्ड व्याख्या तर आणखी सैल: सहा महिन्यांचा, दुसरं कारण न सापडणारा, कामात अडथळा आणणारा थकवा हा तिचा गाभा. त्यात नैराश्याने दमलेलाही बसायचा आणि एमईवालाही.

याच सैल व्याख्येवर उपचारांचा सिद्धांत उभा राहिला. लंडनमध्ये सायमन वेसली, ट्रुडी चाल्डर आणि सहकाऱ्यांनी 1989 पासून मांडलेला विचार थोडक्यात असा: सुरुवात एखाद्या व्हायरसने होत असेल, पण आजार टिकतो तो रुग्णाच्या भीतीमुळे. श्रमाने त्रास होईल म्हणून तो हालचाल टाळतो, शरीर शिथिल पडतं, मग थोड्या हालचालीनेही दमतो, आणि भीती पक्की होते. हे चक्र तोडायचं तर विचार आणि वागणं बदलू पाहणाऱ्या मानसोपचाराने (सीबीटी) समज बदलायची आणि व्यायाम हळूहळू वाढवायचा (ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी, म्हणजे जीईटी).

2002 च्या जानेवारीत इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अहवाल आला. हा आजार खरा आहे आणि रुग्णांची हेळसांड होते आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यापाठोपाठ 2004 ते 2006 साठी 85 लाख पौंड मंजूर झाले आणि इंग्लंडभर दवाखान्यांचं जाळं उभं राहिलं. रुग्णांचं स्वप्न खरं झालं म्हणायचं. पण पैसा थोडा आणि मुदतीचा, म्हणून बहुतेक ठिकाणी नेमणुका झाल्या त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या. डॉक्टर आठवड्यातून थोडा वेळ, कुठे तर तेवढाही नाही. आजाराचं मूळ शोधणारी, औषधं आजमावणारी मंडळी या जाळ्यात फारशी आलीच नाहीत. ही जन्मापासूनची घडण आजही दिसते. 'दवाखाना' समजून गेलेल्याला तिथे तपासण्या नव्हे, तर काही आठवड्यांचा गटवर्ग मिळतो आणि तो संपला की डिस्चार्जचं पत्र.

2007 मध्ये इंग्लंडसाठी उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेने सौम्य आणि मध्यम रुग्णांसाठी सीबीटी आणि जीईटी सुचवली. त्यातलं गणित दिसायला निरुपद्रवी होतं: व्यायामाचा वेळ एकावेळी फार तर 20 टक्क्यांनी वाढवायचा. आज 5 मिनिटं चालत असाल तर पुढच्या टप्प्यात 6, मग 7, असं करत आठवड्यातले बहुतेक दिवस 30 मिनिटांपर्यंत जायचं.

गडबड कुठे होते ते त्या रंगीत तक्त्यावरच दाखवता येतं. समजा सोमवारी 6 ऐवजी 7 मिनिटं चालणं झालं. सोमवार बरा गेला. मंगळवारही बरा. बुधवारी सकाळी घसा धरलेला, अंग ठणकतंय, वाक्य पुरं होत नाही, उजेड सहन होत नाही. या आजाराची खूण हीच: श्रम आणि त्याची शिक्षा यांत काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतचं अंतर असतं. वैद्यकीय भाषेत पोस्ट-एक्झर्शनल मलेज किंवा पीईएम, रुग्णांच्या भाषेत 'क्रॅश'. तक्त्यात मात्र सोमवारची चौकट पिवळी, मंगळवारची हिरवी आणि बुधवार कोरा किंवा निळा. वाचणाऱ्याला दिसतं की सोमवारचं चालणं झेपलं आणि बुधवारी रुग्णाने काही कारण नसताना अंथरूण धरलं. उत्तर ठरलेलं, 'मागे जाऊ नका, ठरलेलं चालू ठेवा'. म्हणजे क्रॅशमध्येच पुढचा टप्पा.

हे उपचार योग्य ठरवण्यासाठी 'पेस' नावाची मोठी चाचणी झाली. 641 रुग्ण, सुमारे 50 लाख पौंड खर्च, आणि पैसे देणाऱ्यांत कामगार व पेन्शन खातंही, जे वैद्यकीय चाचणीत सहसा नसतं. 2011 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला की सीबीटी आणि जीईटीने फायदा होतो. 2013 मध्ये त्याच गटाने लिहिलं की या दोन्ही गटांतले 22 टक्के रुग्ण 'बरे' झाले. रुग्णांनी आकडे तपासायला घेतले तेव्हा एक गंमत सापडली, गंमत म्हणावी तर. शारीरिक क्षमतेच्या 100 गुणांच्या मोजपट्टीवर 65 किंवा कमी गुण असतील तरच चाचणीत प्रवेश होता. बरं झाल्याची खूण मुळात 85 ठरली होती, ती मागाहून 60 वर आणली. म्हणजे 65 गुणांनी आत आलेला माणूस 60 पर्यंत घसरला, तरी या कसोटीवर तो 'बरा'.

मूळ आकडेवारी मागणारा एक ऑस्ट्रेलियन रुग्ण माहितीच्या अधिकारातून लढला. 2016 मध्ये लवादाने लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाला ती द्यायला लावली. मूळ निकष लावून पुन्हा हिशेब केल्यावर बरे झालेले निघाले सीबीटीत 7 टक्के, जीईटीत 4 टक्के आणि नुसत्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीत 3 टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्णही नव्हता. रुग्णसंघटनांच्या पाहण्यांत जीईटीनंतर प्रकृती बिघडल्याचं सांगणारे निम्म्याहून जास्त निघत होते. अशा पाहणीत ज्यांना त्रास झाला तेच जास्त उत्तरं देतात, हे खरं. पण दवाखान्यांकडे बिघडलेल्यांची स्वतःची नोंदही धड नव्हती. जो मध्येच यायचा बंद झाला तो 'गैरहजर' म्हणून फाइलबंद.

नाइसने पुरावे नव्याने तपासले आणि सीबीटी-जीईटीच्या चाचण्यांचा दर्जा 'कमी' किंवा 'अत्यंत कमी' ठरवला. ऑगस्ट 2021 मध्ये प्रकाशनाच्या आदल्या दिवशी नवी मार्गदर्शिका रोखली गेली, कारण काही रॉयल कॉलेजांचा, म्हणजे डॉक्टरांच्या व्यावसायिक संस्थांचा, विरोध होता. बैठक झाली आणि 29 ऑक्टोबरला ती अखेर बाहेर आली. ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवू नये, हे तिच्यात स्वच्छ शब्दांत आहे. सीबीटी आजार बरा करायला नाही, फक्त आजारासोबत जगताना आधार म्हणून. निदानासाठी चार गोष्टी एकत्र हव्यात: श्रमाने वाढणारा आणि विश्रांतीने न जाणारा थकवा, पीईएम, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि बुद्धीचं धुकं. मोठ्यांमध्ये 6 आठवड्यांनंतर संशय घ्यायचा, 3 महिन्यांनी निदान पक्कं करायचं.

आज जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) रेफरल जाण्याआधी रक्ताच्या तपासण्यांची यादी पुरी करावी लागते: हिमोग्राम, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, ईएसआर आणि सीआरपी, एचबीएवनसी, कॅल्शियम, फेरिटिन, सीलिअॅक, क्रिएटिन कायनेज, शिवाय लघवी. यातली एखादी राहिली तर रेफरल परत येऊ शकतं आणि वेटिंग लिस्टवरचे महिने फुकट जातात. अनुभवी रुग्ण म्हणूनच तपासण्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवतात.

याच्या जोडीने अनेकांना होणाऱ्या फायब्रोमायल्जियाचा, म्हणजे अंगभर पसरलेल्या जुनाट दुखण्याचा, रस्ता वेगळ्याच दाराने येतो. 1904 मध्ये लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी 'फायब्रोसायटिस' शब्द काढला, म्हणजे तंतूंची सूज. सूज कधी सापडली नाही, म्हणून 1970 च्या दशकात नाव बदललं. 1990 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने अंगावरचे 18 बिंदू ठरवले. अंगठ्याने सुमारे 4 किलोचा दाब द्यायचा, म्हणजे तपासणाऱ्याचं नख पांढरं पडेपर्यंत, आणि अंगभर जुनं दुखणं असून 11 ठिकाणी दुखलं तर निदान. व्यवहारात अंगठा सारखा पडत नसे, आणि रुग्ण बऱ्या दिवशी गेला तर 9 बिंदू, वाईट दिवशी 14. पुरुष तर बरेचदा सुटून जात. 2010 मध्ये बिंदू काढून शरीराचे 19 भाग आणि लक्षणांची तीव्रता मोजणारी पद्धत आली. हे रुग्ण संधिवाततज्ज्ञाकडे किंवा पेन क्लिनिकमध्ये जातात. तिथे अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखं औषध सुरू होतं आणि व्यायाम सांगितला जातो. युरोपच्या 2017 च्या शिफारशींत सर्वांत ठाम पाठिंबा मिळाला तो व्यायामालाच.

आता ज्याला दोन्ही आजार आहेत, आणि असे पुष्कळ आहेत, त्याने करायचं काय? मंगळवारी पेन क्लिनिक म्हणतं वाढवा, गुरुवारी फटीग सर्व्हिस म्हणते वाढवू नका. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर. मार्ग निघतो तो पीईएमच्या प्रश्नातून: व्यायामानंतर दुखणं त्याच दिवशी वाढून दुसऱ्या दिवशी ओसरतं, की दीड-दोन दिवसांनी सगळं शरीर कोसळतं? दुसरा प्रकार असेल तर एमईचा नियम आधी. पण हे विचारायचं तर दोन्ही विभागांनी एकमेकांची पत्रं वाचायला हवीत, आणि नेमकं तेच होत नाही.

अमेरिकेत ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेसारखी व्यवस्था नसल्याने तज्ज्ञ दवाखाने मोजके. सॉल्ट लेक सिटीतलं बेटमन हॉर्न सेंटर त्यांपैकी एक. तिथे भर वेगळा आहे. उदाहरणार्थ 'लीन टेस्ट': आडवं झोपवून नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, मग टाचा भिंतीपासून साधारण 15 सेंटिमीटरवर ठेवून फक्त खांद्यांनी भिंतीला टेकायचं, आणि 10 मिनिटं दर मिनिटाला मोजायचं. नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराचा) संशय, आणि त्यावर मीठ, पाणी, दाब देणारे मोजे, औषधं असे उपाय आहेत. खर्च जवळपास शून्य. इंग्लंडमधल्या अनेक दवाखान्यांत ही साधी चाचणी होत नाही, याचं कारण पुन्हा 2004 च्या नेमणुकांमध्येच.

सगळ्यांत मागे राहिले ते अंथरुणाला खिळलेले. दवाखान्यापर्यंत पोचू शकणाऱ्यांसाठीच हे जाळं विणलेलं होतं. स्कॉटलंडमध्ये तर बराच काळ फाइफमधली एक विशेषज्ञ नर्स एवढीच काय ती सेवा. 2021 मध्ये डेव्हनमधली 27 वर्षांची एक तीव्र रुग्ण कुपोषणाने दगावली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने (कॉरोनरने) लिहिलं की तीव्र एमईसाठी संपूर्ण इंग्लंडमध्ये एकही खास वॉर्ड किंवा खाट नाही. नवी मार्गदर्शिका अशा रुग्णांसाठी घरी भेट द्यायला सांगते, तीही अंधाऱ्या खोलीत, हळू आवाजात, थोडक्यात. सुरुवातीला सांगितलेला रंगीत तक्ता तिथे घरचं माणूस भरतं. रुग्णाने स्वतः भरायचा म्हटलं, तर ती चौकट लाल रंगाची.