सातव्या वॉर्डातली दारं

आमच्या गावाची पाण्याची टाकी वरच्या पुऱ्यात आहे. नळ आले की खालच्या टोकाच्या कवेलूच्या घरांपर्यंत पाण्याला जोर उरत नाही. तिथल्या बायांनी नळाची तोटीच काढून टाकली आहे आणि पाइपाखाली हातभर खड्डा खणला आहे. पाण्याचा गुंड त्या खड्ड्यात उतरवून ठेवायचा, धार करंगळीएवढी. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात सांडपाणी साचतं, पोरांना हगवण लागते, आणि गावात कुणीतरी म्हणतंच, "त्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही."

हे वाक्य कानावर आलं की मला समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आठवतात. जन्म १८६८, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीय वस्तीची पाहणी करायला बोलावलं. वर्षाला ९०० डॉलर पगार, शिकवायला एकही वर्ग नाही. नुकतंच लग्न झालेले ड्यू बॉइस बायकोसह त्या वस्तीतच एका खोलीत राहायला गेले.

मग ड्यू बॉइस दारोदार फिरले. सुमारे अडीच हजार कुटुंबांना त्यांनी स्वतः प्रश्न विचारले. कुटुंबाचा तक्ता वेगळा, घराचा वेगळा, गल्लीचा वेगळा. २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर आणि संडासाची सोय होती फक्त ३३४ कुटुंबांना. भाडं मात्र जबर. कामं बहुतेकांची घरगड्याची, म्हणजे मालकाच्या घराजवळ राहणं भाग. दुसरीकडे कुणी घर देत नाही. मग भाडं भागवायला त्याच खोल्यांत पोटभाडेकरू घ्यायचे. गर्दी वाढते, क्षय पसरतो.

त्याच १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने आकडे मांडून सांगितलं होतं, की कृष्णवर्णीयांत मृत्युदर जास्त आहे तो त्यांच्या वंशामुळेच. आकडे छापील असले की माणसं चटकन मान डोलावतात. ड्यू बॉइसांनी मृत्युदर वॉर्डावार पाहिला. पाचव्या वॉर्डात, जिथे घाण आणि पडकी घरं, तिथे तो फार जास्त. तिसाव्या वॉर्डात चांगली घरं, स्वच्छ रस्ते. तिथे तो बराच कमी. दोन्हीकडे माणसं कृष्णवर्णीयच. वंश तोच राहून मृत्यू बदलत असेल, तर कारण घरात आणि गल्लीत शोधायला हवं. मला हा तर्क विज्ञानातल्या कुठल्याही मोठ्या प्रयोगाच्या तोडीचा वाटतो.

या पाहणीवरचा त्यांचा 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ १८९९ साली आला. त्यांनी अटलांटा विद्यापीठात अध्यापन केलं, पुढे नागरी हक्कांच्या चळवळी उभारल्या. १९६३ साली घानात त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे दरवर्षी गावागावांतून माणसं दीक्षाभूमीला जातात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत किती साम्य आहे हे सांगून, कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. ३१ जुलैला ड्यू बॉइसांनी आपुलकीने उत्तर दिलं.

या उन्हाळ्यात मी शाळेतल्या पोरांना घेऊन घरोघर एकच गोष्ट मोजतो आहे: एक गुंड भरायला किती मिनिटं लागतात. वही निम्मी भरली आहे. खालच्या टोकाची घरं अजून राहिली आहेत; तिथे नळ येण्याच्या वेळीच जावं लागतं.