गोलकृमी म्हणजे फक्त जंत नव्हेत

बडोद्यात पाहुणा आला की कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा दाखवायचा, हे आमच्या घरी ठरलेलंच. तो मासा महीच्या मुखाशी वाहून आलेला. त्याच मुखाच्या चिखलात जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे गोलकृमी राहतात. समुद्रतळाच्या एका चौरस मीटरात ते लाखोंनी भरतात, पण ‘गोलकृमी’ म्हटलं की आपल्याला आठवतात ते पोटातले जंत.

त्याचं मूळ इतिहासात आहे. १८०८ मध्ये रुडोल्फीने या प्राण्यांचा गट केला तो जंतांवरून. स्वतंत्र जगणाऱ्या कृमींकडे नीट लक्ष गेलं ते १८६५ साली, बॅस्टियनने एकदम शंभर नव्या जातींचं वर्णन केलं तेव्हा. पुढे हॉलंडच्या डी मानने कृमीच्या लांबीला जाडीने, घशाच्या लांबीने आणि शेपटीने भागून गुणोत्तरं काढली. ती जाती ओळखायला आजही वापरतात.

आपल्या बाजूलाही तेव्हा समुद्राची ओढ होती. द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेलने तिथल्या समुद्री जीवांची पाहणी केली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

समुद्री गोलकृमी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. थेंबात तो चाबकासारखा वळवळतो, पण गांडुळासारखा लांबत-आखडत नाही, कारण त्याला आडवे स्नायूच नाहीत, फक्त उभे. शेपटीतल्या तीन ग्रंथींच्या चिकट स्रावाने तो वाळूच्या कणाला धरून राहतो. डोक्यावर संवेदी केसांची तीन कडी असतात, सहा, सहा आणि चार. आणि दोन्ही बाजूंना एकेक खळगा: कुठे गोगलगायीच्या शंखासारखा वळणदार, कुठे गोल, कुठे खिशासारखा.

वर्गीकरणाचे वाद अशाच खुणांवरून झाले. १९३० च्या दशकात चिटवुडने शेपटीजवळचा ‘फॅस्मिड’ हा बारीक संवेदी अवयव आहे की नाही यावर दोन गट पाडले आणि जवळजवळ सगळे समुद्री कृमी ‘नाही’च्या गटात गेले. नसलेल्या अवयवावरून नातं कसं ठरवायचं, ही शंका मला रास्त वाटते. १९८१ मध्ये लोरेन्झेनने अंडाशयाची ठेवण आणि इतर खुणा नव्याने तपासल्या. मग १९९८ मध्ये ब्लॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून वंशवृक्ष मांडला, आणि तो ‘नाही’चा जुना गट मोडला. आता पोटातला जंत आणि वळणदार खळग्याचे समुद्री कृमी एकाच वर्गात बसतात, क्रोमाडोरियात.