ठाकुराला जमीन हवी, सुखीलालाला पीक

चोपड्याकडच्या आमच्या गावात ‘दो बीघा जमीन’चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हां, तो सुखीलालावाला ना?’ सुखीलाला त्यात नाही. तो ‘मदर इंडिया’तला. माझे आबाही हीच गल्लत करायचे, आणि त्यांनी तर दोन्ही सिनेमे यात्रेतल्या तंबूत, जमिनीवर पोतं अंथरून पाहिलेले. एक काळा-पांढरा, दुसरा रंगीत. तरी आठवणीत दोन्हींचा मिळून एकच सिनेमा झाला होता: नांगर ओढणारी नर्गिस आणि रिक्षा ओढणारा बलराज साहनी जणू नवरा-बायको, आणि दोघांच्या मानगुटीवर बसलेला एकच सावकार.

गल्लत होण्यासारखीच आहे. बिमल रॉय यांचा सिनेमा १९५३चा, मेहबूब खान यांचा १९५७चा. दोन्हीकडे निरक्षर शेतकरी कुटुंब, दोन्हीकडे खोटा हिशेब, दोन्हीकडे बायकोच्या अंगावरचा दागिना मोडला जातो. पण दोघांचं राजकारण वेगळं आहे, आणि ते ओळखायची जागा कर्जाच्या आकड्यात नाही. कर्ज देणाऱ्याला शेवटी काय हवं आहे, तिथं ती आहे.

सुखीलालाला पीक हवं असतं. राधाच्या, म्हणजे नर्गिसच्या, लग्नासाठी सासूनं ५०० रुपये घेतलेले. अटींवरून वाद होतो, पंच सावकाराच्या बाजूनं कौल देतात आणि दर वर्षी पिकाचे चारातले तीन हिस्से व्याजात जायला लागतात. मुद्दल आहे तिथंच. या माणसाला कुटुंब गावातून हाकलायचं नाही. कुटुंब गेलं तर व्याज कोण पिकवणार? राधा शेतात राबत राहण्यातच त्याची कमाई आहे. कर्ज फिटू न देणं हाच त्याचा धंदा.

‘दो बीघा’तल्या जमीनदाराचं, ठाकूर हरनामसिंगाचं, उलट आहे. त्याला शंभू महातोच्या, म्हणजे बलराज साहनीच्या, पिकात काडीचा रस नाही. गिरणीसाठी जमीन विकायचा सौदा त्यानं केलाय आणि शंभूचा तुकडा नेमका मधे येतोय. शंभू नाही म्हणतो, तेव्हा जुनं कर्ज बाहेर निघतं. शंभूच्या हिशेबानं ६५ रुपये. घरातली भांडीकुंडी, बायको पारोची कर्णफुलं विकून तो ते घेऊन जातो, तर वहीत निघतात २३५ रुपये आठ आणे. मामला कोर्टात जातो, तीन महिन्यांची मुदत मिळते, आणि शंभू कलकत्त्याची वाट धरतो. इथं कर्ज हा धंदा नाही, ते जमीन सोडवून घेण्याचं हत्यार आहे. ठाकुराला पैसे नकोतच, जमीन हवी.

बंगाली बिघा म्हणजे साधारण तेरा गुंठे. म्हणजे सगळा सिनेमा सव्वीस गुंठ्यांसाठी आहे. आमच्याकडे एवढ्याशा तुकड्याला कुणी शेत म्हणणार नाही, बांधालगतची पट्टी म्हणतील. हे गणित मांडून दाखवलं तेव्हा आबा बराच वेळ गप्प बसले होते.

आपल्याकडे ठाकुराचाही सावकार का होतो, याचं कारण मला जमिनीच्या इतिहासात दिसतं. बंगालात १७९३च्या कायमधाऱ्यानं, म्हणजे सारा कायमचा ठरवून देणाऱ्या पद्धतीनं, जमीनदार उभा केला: सरकार आणि कुळ यांच्यामध्ये बसलेला, गावाचा मालक. खानदेश १८१८नंतर इंग्रजांकडे आला आणि मुंबई इलाख्यात रयतवारी लागू झाली. शेतसारा शेतकऱ्यानं थेट सरकारला भरायचा, जमीन त्याच्या नावावर. नावावर असलेली जमीन गहाण टाकता येते, म्हणून इथं जमीनदाराच्या ऐवजी सावकार मोठा झाला. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, लोकांनी हात सैल सोडून उचल घेतली, आणि युद्ध संपल्यावर भाव पडले ते कर्ज मागे ठेवून. त्यामुळे आमच्या आजोबा-पणजोबांनी ठाकूर पाहिलेलाच नव्हता. पडद्यावर दिसला तेव्हा त्यांनी त्याला ओळखीच्या माणसाचं नाव दिलं.

यात भर म्हणजे फैजपूर. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या जिल्ह्यात झालं, अध्यक्ष नेहरू. तिथं शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला: खंड आणि सारा कमी करा, कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याला सोडवा. जमीनदार आणि सावकार हे दोन प्रश्न एकाच ठरावात शेजारी शेजारी आले. राजकारणात ते तसेच जोडून येतात, पण सिनेमा पाहताना ते सुटे करून पाहायला हवेत.

सुटे केले की पहिली गोष्ट दिसते ती न्यायाची. ‘मदर इंडिया’त अन्याय पंचांच्या पारावर होतो. पंच गावातलेच, राधाला ओळखणारे, पण कागद वाचता न येणारे. दोष अडाणीपणाचा आहे, असं सिनेमा सुचवतो, म्हणजे शाळा आली, शिक्षण आलं की तो जाईल. ‘दो बीघा’त अन्याय कोर्टात होतो, शिकलेल्या माणसांसमोर, कायद्याच्या भाषेत, रीतसर. तिथं अजून काय यायचं बाकी आहे? काहीच नाही. मला हा फरक सगळ्यात बोचतो.

दुसरी गोष्ट विकासाची, आणि इथं दोन्ही सिनेमे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. ‘मदर इंडिया’ सुरू होतो तेव्हा ट्रॅक्टर फिरताहेत, यंत्रं चाललीत, खादीतले पुढारी म्हाताऱ्या राधाला नव्या कालव्याचं पाणी सोडायला घेऊन जातात. सगळी गोष्ट त्या कालव्यावर बसून आठवलेली आहे. मेहबूब खान यांच्या संस्थेच्या चिन्हात कम्युनिस्टांचा विळा-हातोडा होता, तरी या सिनेमात सावकाराला उत्तर मिळतं ते सरकारी पाण्यातून. १९५७ हे साल आपल्याकडेही तसंच आशेचं होतं: त्याच वर्षी १ एप्रिलला मुंबई राज्यात कुळकायद्याचा कृषक दिन आला आणि कसणाऱ्या कुळांना मालकी मिळायची वाट खुली झाली. तंबूत बसलेल्या कितीतरी माणसांसाठी तो कालवा नुसता पडद्यावरचा नव्हता.

‘दो बीघा’त विकास म्हणजे ती गिरणी, आणि गिरणी जमीन गिळते. कलाकारांचा गोतावळाही वेगळा होता. बलराज साहनी आणि कथा लिहिणारे सलील चौधरी दोघे ‘इप्टा’ या डाव्या नाट्यसंघटनेच्या चळवळीतले, आणि बिमल रॉय यांनी १९५२च्या चित्रपट महोत्सवात इटलीचा नववास्तववादी सिनेमा पाहिलेला. म्हणून कलकत्त्याचे रस्ते खरे वाटतात आणि शेवट गोड केलेला नाही. शंभूच्या बापाच्या भूमिकेत आपले नाना पळशीकर आहेत, त्यांचा चेहरा नीट बघा.

जळगाव, चाळीसगावच्या बागायतदाराला गिरणेच्या पाटाचं पाणी ठाऊक आहे, तो राधाच्या कालव्यापाशी रडेल. पण नवापूरकडच्या उकाई धरणाच्या फुगवट्यात घर गेलेल्या, किंवा अक्कलकुव्यात मणिबेलीसारख्या गावातून सरदार सरोवरामुळे उठलेल्या माणसाला त्याच कालव्यापाशी शंभू आठवेल. एकाच खानदेशात, एकाच पाण्याचे हे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

तिसरी गोष्ट बंडाची. शंभू बंड करत नाही. तो राबतो, पैसे साठवतो, पुन्हा गमावतो. राधाचा बिरजू मात्र पेटून उठतो. आईचे गहाण पडलेले कंगन त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तो डाकू होतो, सुखीलालाला मारतो, वह्या जाळतो. इथपर्यंत तंबूत टाळ्या पडत. पण मग तो सुखीलालाच्या मुलीला तिच्या लग्नातून पळवतो, आणि राधा पोटच्या पोरावर गोळी झाडते. या जागी सिनेमा फार मोठी उडी मारतो. कर्जाचा प्रश्न अब्रूचा होतो. बिरजूचा गुन्हा वह्या जाळल्याचा राहत नाही, गावाच्या लेकीला हात लावल्याचा होतो, आणि त्याला मरताना बघताना वह्यांचा आपल्याला विसर पडतो. आई म्हणून राधा हरते आणि गावाची आई म्हणून जिंकते. कॅथरीन मेयोनं १९२७ साली हिंदुस्थानची निंदा करणाऱ्या पुस्तकाला जे नाव दिलं, तेच नाव मेहबूब खान यांनी उत्तर म्हणून उचललं होतं. त्या उत्तराचं सगळं ओझं त्यांनी एका बाईच्या खांद्यावर ठेवलं. राधा मला थोर वाटते, पण सावकारीचा प्रश्न तिच्या थोरपणाआड दडतो, ही माझी तक्रार आहे.

पारोवर असं ओझं नाही. ती नवऱ्याच्या शोधात शहरात येते, अपघात होतो, आणि जमिनीसाठी जमवलेले पैसे तिच्या उपचारात जातात. ती देश नाही, बायको आहे, माणूस आहे.

दोन्ही सिनेमांत मातीची मूठ आहे. ‘मदर इंडिया’च्या सुरुवातीलाच राधाच्या हातात ढेकूळ आहे, आणि ते तिच्याकडून कुणी घेत नाही. ‘दो बीघा’च्या शेवटी शंभू कुंपणातून हात घालून आपल्याच शेतातली मूठभर माती उचलतो, आणि राखणदार ती त्याला टाकायला लावतो.

हे सगळं मी आबांना एका संध्याकाळी ओट्यावर समजावत होतो. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘आपल्याकडं दोघं एकाच माणसात होते. हायवेलगत भाव नव्हता तोवर तो व्याज घ्यायचा, सालदारासारखं राबवून घ्यायचा. भाव चढले तसं मुद्दल नको म्हणाला, जमीन लिहून दे म्हणाला.’ मग त्यांनी विचारलं, ‘मुदत खरेदीचा कागद, मुदतीत पैसे फेडले तरच जमीन परत असं लिहिलेला, तो कोणत्या सिनेमात आहे?’

मी म्हणालो, ‘दोन्हीत नाही, आबा.’

‘तो आपल्या पेटीत आहे,’ ते म्हणाले, आणि किल्ली आणायला आत गेले.