तो भाग ‘ट्वायलाइट झोन’चा नव्हे

‘ट्वायलाइट झोनचा तो भाग पाहिलायस का, ज्यात शास्त्रज्ञ आपल्यातल्याच एकाचं शरीर बदलून त्याला परग्रहावरचा प्राणी बनवतात? त्याला घाबरून तरी सगळे देश भांडणं थांबवतील म्हणून?’

विज्ञानकथांवर प्रेम करणाऱ्या, जुन्या मालिका शोधून शोधून पाहणाऱ्या मित्रांकडून हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो. पाहिलाय. फार आवडता आहे. पण तो ‘ट्वायलाइट झोन’चा नाही. त्याचं नाव ‘द आर्किटेक्ट्स ऑफ फिअर’. ३० सप्टेंबर १९६३ रोजी तो ‘द आउटर लिमिट्स’ या वेगळ्या मालिकेत दाखवला गेला. गल्लत नुसती नावाची असती तर मी ती कधीच सोडून दिली असती. पण हा भाग ‘ट्वायलाइट झोन’चा समजून पाहणारा माणूस तासभर भलत्याच गोष्टीची वाट पाहत बसतो आणि शेवटी म्हणतो, ‘मला सगळं आधीच कळलं होतं.’ अहो, ते आधी कळावं म्हणूनच तर सांगितलेलं असतं!

(दोन्ही मालिकांना साठ वर्षं होऊन गेली आहेत. पुढे मी शेवट सांगणार आहे.)

‘ट्वायलाइट झोन’ची ओळख फार करून द्यायला नको. अमेरिकेतली सीबीएस वाहिनी, १९५९ ते १९६४, एकूण १५६ भाग, त्यांतले ९२ मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंगने स्वतः लिहिलेले. भाग अर्ध्या तासाचे. फक्त चौथ्या सीझनमधले १८ तासाभराचे. ‘आउटर लिमिट्स’ एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर, सप्टेंबर १९६३ ते जानेवारी १९६५, दोन सीझन मिळून ४९ भाग, सगळे तासाभराचे. मालिका लेस्ली स्टीव्हन्सची. पहिल्या सीझनची सूत्रं जोसेफ स्टेफानोकडे होती, हिचकॉकच्या ‘सायको’ची पटकथा लिहिणारा तोच. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत दर भागाला नवी गोष्ट आणि नवी पात्रं. सर्लिंग सूट घालून समोर उभा राहतो, ‘आउटर लिमिट्स’चा निवेदक मात्र कधीच दिसत नाही, त्याचा नुसता आवाज येतो. तो आवाज व्हिक पेरिनचा. ‘तुमच्या टीव्हीत काही बिघाड झालेला नाही, चित्र नीट करायला जाऊ नका’ हे वाक्य त्या आवाजाचं आहे. ते सर्लिंगच्या तोंडी घालणं आता कृपा करून थांबवा. बाहेरून दिसणारा फरक एवढाच, आणि तो लक्षात ठेवूनही गल्लत टळत नाही.

कारण त्यापुढचा फरक म्हणून जो सांगितला जातो, तोच चुकीचा आहे. ‘ट्वायलाइट झोनमध्ये शेवटी कलाटणी असते, आउटर लिमिट्समध्ये राक्षस असतो.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसलं की मी पुढचा लेख वाचत नाही. ते का पसरलं हे समजतं. प्रत्येक भागात प्रेक्षकाला दचकवणारा एखादा प्राणी हवाच, असा ‘आउटर लिमिट्स’चा दंडक होता आणि त्या प्राण्याला स्टेफानो ‘अस्वल’ म्हणायचा. पण ‘ट्वायलाइट झोन’च्या ‘टू सर्व्ह मॅन’मधले नऊ फुटी कॅनामिट काय कमी राक्षस आहेत? आणि हार्लन एलिसनने लिहिलेल्या ‘डेमन विथ अ ग्लास हँड’ची कलाटणी सर्लिंगच्या कुठल्याही कलाटणीला भारी पडेल, तो भाग तर ‘आउटर लिमिट्स’चा आहे.

खरा फरक कळायला एक प्रश्न पुरतो: शेवटच्या दोन मिनिटांत सत्य कोणाला कळतं? ‘ट्वायलाइट झोन’मध्ये ते आपल्याला, प्रेक्षकांना कळतं. ‘आउटर लिमिट्स’मध्ये आपल्याला ते पहिल्यापासून माहीत असतं, शेवटी ते गोष्टीतल्या माणसाला कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

हे नीट दिसण्यासाठी दोन भाग शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्हींत परग्रहवासीयांची भीती आहे. दोन्हींत घाबरलेला साधा माणूस बंदूक झाडतो, आणि दोन्हींत गोळी परग्रहवासीयाला न लागता आपल्यातल्याच माणसाला लागते.

पहिला ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’, ४ मार्च १९६०, लेखक सर्लिंग. उन्हाळ्यातली संध्याकाळ, आइस्क्रीमची गाडी, खेळणारी मुलं, आणि डोक्यावरून गर्जत जाणारा एक झोत. उल्का असेल, असं सगळे म्हणतात. मग वीज जाते, फोन बंद पडतात, गाड्या सुरू होत नाहीत. पीट व्हॅन हॉर्न नावाचा शेजारी पलीकडच्या गल्लीत काय परिस्थिती आहे ते पाहायला जातो. तेवढ्यात एक मुलगा सांगतो, त्याने वाचलेल्या गोष्टीत परग्रहवाले आपल्यासारखं दिसणारं एक कुटुंब आधीच पाठवून ठेवतात. झालं! लेस गुडमनची गाडी आपोआप सुरू होते आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का पाहतो? स्टीव्ह ब्रँडच्या घरात तो कसला रेडिओ आहे? काल एकमेकांकडे वाटीभर साखर मागणारी माणसं आज एकमेकांच्या खिडक्यांवर नजर ठेवू लागतात. अंधारातून एक आकृती चालत येते. चार्ली गोळी झाडतो. तो पीट व्हॅन हॉर्न असतो, परत आलेला. त्यानंतर गल्लीत उरते ती फक्त दगडफेक आणि आरडाओरडा.

इथवर, खरं पाहता, गोष्टीत परग्रहवासी आहेत की नाहीत हेच आपल्याला माहीत नसतं. वीज कुठल्याही साध्या कारणाने गेलेली असू शकते. मग कॅमेरा टेकडीवर जातो. तिथे यान उभं आहे, दोन परग्रहवासी खाली पाहत आहेत, आणि एक दुसऱ्याला शिकवतोय: चार यंत्रं बंद करायची, थोडा वेळ अंधार करायचा, शत्रू ही माणसं स्वतःच शोधून काढतात. मेपल स्ट्रीटवर कोणाला हे कळत नाही आणि कळणारही नाही. कळतं ते फक्त आपल्याला, आणि त्या एका दृश्याने आधीच्या वीस मिनिटांचा अर्थ फिरतो.

आता ‘आर्किटेक्ट्स ऑफ फिअर’. लेखक मेयर डोलिन्स्की, दिग्दर्शक बायरन हॅस्किन. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १९५३ च्या चित्रपटात मंगळवासीयांकडून शहरं जाळून घेणारा दिग्दर्शक हाच. प्रयोगशाळेतल्या काही शास्त्रज्ञांना खात्री वाटते आहे की अणुयुद्ध आता होणारच. उपाय म्हणून ते ठरवतात की जगाला एक समान शत्रू द्यायचा. तो शत्रू आपल्यातल्या कोणाला बनवायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि नाव ॲलन लेटनचं निघतं. बायकोला, इव्हेटला, सांगितलं जातं की तो विमान अपघातात गेला. ती गरोदर आहे, आणि तो गेला हे तिचं मन मानत नाही. तिकडे प्रयोगशाळेत त्याची कातडी, त्याचं रक्त, त्याचा श्वास, सगळं बदलत जातं. यानात बसून त्याने संयुक्त राष्ट्रांच्या दारात उतरायचं असतं.

रॉबर्ट कल्पने ॲलनचं काम असं केलंय की त्या रबरी पोशाखाच्या आतला नवरा शेवटपर्यंत दिसत राहतो. त्या प्राण्याचं रूप इतकं भीतिदायक वाटलं होतं की तो पडद्यावर येतो त्या वेळी काही स्थानिक केंद्रांनी चित्रच काळं केलं. मला त्या रूपाची भीती कधीच वाटली नाही, कारण आत कोण आहे ते मला माहीत असतं. भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. यान भरकटतं आणि प्रयोगशाळेजवळच्या रानात उतरतं. तिथे शिकारीला आलेली माणसं असतात. त्यांना समोर दिसतो राक्षस. आपल्याला दिसतो ॲलन. गोळी सुटते.

तीच गोळी, पण मेपल स्ट्रीटवर ती सुटते तेव्हा सगळी गोष्ट अजून अंधारात असते आणि उजेड टेकडीवर पोचल्यावर पडतो. इथे उजेड पहिल्यापासून आहे. आपण ओरडून सांगू शकत नाही, एवढंच. जखमी प्राणी सरपटत प्रयोगशाळेत परततो, इव्हेट तिथे पोचलेली असते, आणि तो हाताने एक खूण करतो. ती त्या दोघांचीच खूण आहे, वाईटापासून राखण करणारी. आपल्याकडे बोटं मोडून दृष्ट काढतात, त्यातली माया त्या खुणेत आहे. इव्हेट ती ओळखते. आपल्याला नवीन काहीच कळत नाही, तिला कळतं. म्हणूनच ‘कलाटणी जमली नाही’ ही तक्रार मला इतकी लागते. कलाटणी तिच्यासाठी आहे.

या दोन भागांची गल्लत आणखी एका कारणाने होते. मेपल स्ट्रीटवर बाहेरच्या शत्रूच्या भीतीने माणसं फुटतात, तर ‘आर्किटेक्ट्स’मधल्या शास्त्रज्ञांना वाटतं की त्याच भीतीने माणसं जोडली जातील. त्यामुळे दुसरा भाग या युक्तीची भलामण करतो, असं बरेच जण धरून चालतात. रोनाल्ड रेगन यांनी २१ सप्टेंबर १९८७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, परग्रहावरून धोका आला तर जगातले मतभेद किती झटकन विरून जातील, अशा अर्थाचं विधान केलं. ते वाचलं की हमखास कोणीतरी या भागाची आठवण काढतं. आठवण ठीक, पण भाग नीट पाहा. तो या योजनेची भलामण करत नाही. अखेरचं निवेदन स्पष्ट सांगतं की अशी बुजगावणी उभी करून माणसं जवळ येत नाहीत. म्हणजे दोन्ही मालिका एकाच निष्कर्षाला पोचतात, फक्त एक खऱ्या परग्रहवासीयांच्या वाटेने जाते आणि दुसरी खोट्याच्या.

हाच प्रश्न बाकीच्या भागांना लावून पाहा. ‘थर्ड फ्रॉम द सन’मध्ये दोन कुटुंबं अणुयुद्धाच्या तोंडावरच्या ग्रहावरून पळ काढतात, शेवटी कळतं की ते पृथ्वीकडे निघाले आहेत. ‘द मिडनाइट सन’मध्ये पृथ्वी सूर्याच्या जवळ जात असते, शेवटी कळतं की तो तापातला भास होता आणि पृथ्वी खरी चालली आहे सूर्यापासून दूर, गारठ्यात. ‘टू सर्व्ह मॅन’चा शेवट तर एका इंग्रजी क्रियापदावर उभा आहे: सेवा करणं आणि पानात वाढणं, दोन्हींना एकच शब्द. मराठीत त्याचा खुलासा करावा लागतो, कारण सेवा आणि वाढणं यांना एकत्र बांधणारं क्रियापद आपल्याकडे नाही, आणि खुलासा केला की शेवटचा झटका निघून जातो. सगळीकडे शेवटी कळतं ते आपल्याला.

उलट ‘आउटर लिमिट्स’च्या ‘द मॅन हू वॉज नेव्हर बॉर्न’मध्ये जगाचा अंत आपण सुरुवातीलाच पाहून घेतो. सन २१४८, उजाड पृथ्वी, आणि एका जंतूमुळे विद्रूप झालेला अँड्रो. मार्टिन लँडोने हे काम केलंय. तो भूतकाळात येतो, कारण तो जंतू निर्माण करणाऱ्या माणसाचा जन्मच टाळायचा आहे. तो यशस्वी झाला तर तो स्वतःही जन्मणार नाही, हे आपण आधीच ओळखतो. ते शेवटी समजतं त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीला, शेजारची जागा रिकामी झाल्यावर. ‘अ फीझिबिलिटी स्टडी’मध्येही तसंच: माणसांची एक वस्ती परक्या ग्रहावर नेली आहे, हे आपल्याला अगोदर सांगितलं जातं. तिथल्या रहिवाशांना ते कळतं तेव्हा ते एकमेकांचे हात धरून मुद्दाम रोग अंगावर घेतात, म्हणजे पृथ्वीवरून आणखी कोणाला गुलाम म्हणून आणण्यात अर्थच राहू नये. इतका हिमतीचा शेवट मी त्या काळच्या टीव्हीवर दुसरा पाहिलेला नाही.

‘टाइम इनफ अॅट लास्ट’ हा ‘ट्वायलाइट झोन’चा भाग मी या यादीत घेतला नाही, आणि ते मुद्दाम. जगबुडीच्या गोष्टींत त्याचं नाव नेहमी पहिलं येतं, पण तिथला हायड्रोजन बॉम्ब हेन्री बेमिसला एकटं पाडण्यापुरता आहे. बर्जेस मेरेडिथचा अभिनय अप्रतिम, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर महिन्यावार लावलेली पुस्तकं विसरता येत नाहीत. तरी ती पुस्तकवेड्या माणसाची गोष्ट आहे. अणुयुद्धावरचं सर्लिंगचं खरं म्हणणं ऐकायचं असेल तर सप्टेंबर १९६१ चा ‘द शेल्टर’ पाहा, बर्लिनची भिंत उभी राहू लागल्यानंतर दीड महिन्याने आलेला. त्यात ना परग्रहवासी, ना बॉम्ब पडत; एका तळघराच्या दारावर शेजारी तुटून पडतात.

‘डेमन विथ अ ग्लास हँड’ हा या फरकाला अपवाद आहे, हे मान्य. तिथे नायकाला, ट्रेंटला, स्वतःबद्दलचं सत्य आपल्याबरोबरच कळतं: तो यंत्रमानव आहे आणि त्याच्या आतल्या तारेवर सत्तर अब्ज माणसं साठवलेली आहेत. पण तो दुसऱ्या सीझनचा. तेव्हा स्टेफानो निघून गेलेला होता. एलिसनचे दोन भाग आणि आणखी एखाददुसरा सोडला तर त्या सीझनवर वेळ घालवू नका. नवख्या माणसाला मी नेहमी पहिला सीझन देतो.

तोही सुरुवातीपासून नाही. आधी एका संध्याकाळी ‘मेपल स्ट्रीट’, पंचवीस मिनिटांत संपतो. दुसऱ्या दिवशी ‘आर्किटेक्ट्स’. प्राण्याचा पोशाख एकदा डोळे भरून पाहून घ्या, तो जुना दिसणारच. मग शेवटी इव्हेट प्रयोगशाळेत येते तेव्हा त्याच्याकडे पाहू नका. इव्हेट झालेल्या जेराल्डिन ब्रूक्सच्या चेहऱ्याकडे पाहा.