फुगडीचा ताण आणि स्वमग्न मूल

नागपूरच्या अंबाझरी बागेत सकाळी एका आजोबांचं बोलणं कानावर आलं. सात वर्षांचा नातू स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. "कवायतीत उभा करतो हो, पण सरांकडे पाहतच नाही. बाकीची पोरं हात वर करतात, हा मातीत बोटं फिरवत बसतो. लक्षच नाही त्याचं." हे 'लक्ष नाही' मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता लिहायलाच हवं.

समोरच्याचं पाहून हात वर करायचा, तर डोळ्यांनी टिपलेली हालचाल मेंदूला आपल्या खांद्या-कोपरांच्या हिशेबात उतरवून घ्यावी लागते. हा हिशेब स्नायूंतले बारीक संवेदक ठेवतात. स्नायू किती ताणला गेला हे ते कळवतात; किती जोर पडतोय हे कंडरांमधले, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमधले, संवेदक सांगतात. म्हणून तर डोळे मिटूनही बोट नाकाला लागतं. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' असं नाव दिलं.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग मला फार आवडतो. मुलांनी यंत्राची मूठ धरून लक्ष्यापर्यंत न्यायची आणि यंत्र तिला आडवा धक्का देणार. थोड्याच वेळात मुलं बरोबर उलटा जोर लावू लागली. स्वमग्न मुलंही इतरांइतकीच पटकन. मग हाताची जागा बदलली. शिकलेला जोर डोळ्यांना दिसणाऱ्या दिशेला चिकटला आहे की सांध्यांच्या वळणाला, हे नव्या जागी वेगळं ओळखता येतं. स्वमग्न मुलांत सांध्यांशी जोडणी इतरांहून ठळक निघाली, आणि ती जितकी ठळक, तितकं त्या मुलाला नक्कल करणं अवघड. म्हणजे शिकणं होतंच, फक्त त्याची वाट डोळ्यांपेक्षा अंगातून जास्त जात होती.

आता फुगडी आठवा. हातांची कैची, पाय जवळ, अंग मागे झोकलेलं. जोडीदाराची ओढ मनगटापासून खांद्यापर्यंत जाणवते, आणि आपण तेवढंच ओढलं नाही तर दोघंही पडतो. इथे पाहून नक्कल करावी लागत नाही, तरी दुसऱ्या माणसाची दखल घ्यावीच लागते. रस्सीखेचीतही तसंच. एकाच प्रयोगावरून ठाम काही म्हणता येत नाही, पण या मुलांसाठी गटातले खेळ निवडताना मी इथून सुरुवात करेन.

अशा खेळांनी स्वमग्नता 'बरी' होत नाही. तो मेंदूच्या घडणीतला जन्मजात वेगळेपणा आहे. ना ती नजर लागल्याने येते, ना लसीमुळे. लसीचा संशय पसरवणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. अंगाऱ्यावर आणि स्टेम सेलच्या इंजेक्शनांवर घरदार विकणाऱ्या आईबापांचं मला फार वाईट वाटतं.

खेळात घरच्यांनीही उतरावं, भावंडांनी तर नक्कीच. कर्कश शिट्टी आणि ताशा नको, काहींना तो आवाज अंगावर येतो. गरगर फिरणं सोसत नसेल किंवा फिट येत असेल, तर फुगडीआधी डॉक्टरांना विचारावं. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपायचं, आणि पाणी मागायची वाट पाहायची नाही. काही मुलांना तहान लागल्याचं लवकर कळत नाही.

आजोबांना मी एवढंच म्हटलं, "काका, उद्या कवायत राहू द्या. त्याचे दोन्ही हात धरा आणि हळूच मागे झुका."